स्लोवर बंद पडणारी गाडी

नाशिक
२१ जानेवारी २०२५

तुलाराम,

रामराम. हे पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय, म्हणजे तुझ्याच हातात पडेल.

मारोतराव उस्तादांच्या तेरवीला मी तुमसरला आलो होतो. जेवण करून मंडपाबाहेर चपला शोधत होतो, तेव्हा तू दिसलास. पाठमोरा होतास, पण ती मान मी पन्नास माणसांत ओळखीन. तीनदा हाक मारली. तिसऱ्यांदा तर एवढ्या जोरात की पंगतीतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. तू वळला नाहीस. मोटारसायकलला किक मारलीस आणि गेलास.

त्याआधी चार वेळा फोन केला होता. चारही वेळा गोदावरीवहिनींनी उचलला. "ते घरी नाहीत भाऊजी." शेवटच्या वेळी मागून तुझा खोकला मला ऐकू आला, तुलाराम. तुझा खोकला मी विसरेन का?

चौदा वर्षं झाली. दुकान अर्ध्यावर सोडून मी निघालो, हे मला मान्य आहे. पण मी एकटा निघणार नव्हतो. दोघं जाऊ, कंप्युटरवर चालणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांचं शिकून येऊ, असं मी म्हणालो होतो. तू गिऱ्हाइकांसमोर हसून म्हणालास, "ज्याले कान नाही त्यानं कंप्युटर शिकावा." तेव्हा मला राग आला. आता येत नाही. आपण दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली वाढलो. तो माणूस गेला आणि आपण त्याच्या दारात एकमेकांशी बोललो नाही, याचं वाईट वाटतं.

राग असेल तर दोन ओळीत लिही. पण लिही.

टिकाराम


आंधळगाव
४ फेब्रुवारी २०२५

टिका,

तुहं पत्र पोहचलं. तेरवीले गर्दी होती, भांड्यायचा आवाज होता. मले आयकू नाही आलं. राग नाही. राग कायचा धरू, अर्धं वय निघून गेलं.

फोनचं म्हनशील तं मी दुकानातच असतो, फोन घरी असते. तू पत्रच लिव. मले बरं वाटलं वाचून. दोनदा वाचलं.

दुकान ठीक चाललं आहे. पन एक काम अडून राहिलं आहे, म्हनून तुले इचारतो. आमच्या गावच्या मच्छी सोसायटीची माल वाहाची छोटी गाडी आहे, पेट्रोलवर चालनारी, इंजेक्शनची. शकुन नावाची बाई चालवते. ढिवराच्या घरची सून आहे, नवरा नाही, हुशार आहे. तलावावरून मच्छी भरते अन् मोहाडी, तुमसरचा बाजार करते. सोसायटीनं तिले गाडी देली तवा लोकं हासले होते. आता कोनी हासत नाही.

गाडी रेसवर मस्त पयते. पाय काढला, गाडी स्लोवर आली, की थरथरते अन् बंद पडते. इंजिन थंड असलं तं कमी, गरम झालं की जास्त. मी प्लग बदलले. थ्रॉटल खोलून साफ केला. इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता, बॅटरीची तार काढून दहा मिनिटं ठेवली, दिवा गेला. तिसऱ्या दिवशी परत लागला. आपल्या जुन्या गाडीचा स्लो स्क्रू असता तं अर्धा आटा फिरवून मोकळा झालो असतो. ह्याले स्क्रूच नाही. फिरवाचं काय?

गोदावरी बरी आहे. तुही ममता आता मोठी झाली असन.

तुलाराम


नाशिक
१३ फेब्रुवारी २०२५

तुलाराम,

तुझं पत्र आलं तेव्हा मी वर्कशॉपमध्ये होतो. तिथंच फाडून वाचलं आणि पोरांना चहा पाजला. कशाचा चहा म्हणून ते विचारत राहिले. ममता आता बँकेत लागली आहे, तुला विचारत असते.

आता गाडीचं. तू विचारलंस, फिरवायचं काय. फिरवायचं काहीच नाही. कार्बोरेटरमध्ये हवा जाताना पेट्रोल आपोआप ओढलं जायचं आणि किती ओढायचं ते आपण स्क्रूनं ठरवायचो. इथं ते एक डबा ठरवतो, त्याला ईसीएम म्हणतात. तो आधी विचारपूस करतो. हवा किती आत आली, इंजिन किती तापलं, क्रँक कुठवर फिरली, धुरात ऑक्सिजन किती उरला. या सगळ्यांची उत्तरं सेन्सर देतात. मग तो ठरवतो की इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा आणि ठिणगी किती आधी टाकायची. सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले दोन-तीन तुकडे एवढाच वेळ इंजेक्टर उघडतो. आणि तू पाय काढलास की हवेची झडप, थ्रॉटल, तोच केसभर उघडी धरतो, म्हणजे इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांच्या आसपास फिरत राहतं. तुझा स्लो स्क्रू तोच, फक्त मिनिटाला हजारदा फिरवला जातो.

आणि एक. बॅटरीची तार काढून दिवा विझवू नकोस. डब्यानं काय बिघडलं ते लिहून ठेवलेलं असतं, तार काढली की ते पुसलं जातं. पोलीस ठाण्यात दिलेली तक्रार आपणच फाडून टाकायची आणि वर म्हणायचं की गावात चोरी नाही.

माझा अंदाज सांगतो. तुझ्या गाडीत हवा तोंडाशी मोजली जाते. मोजल्यानंतर पुढं कुठं एखादी नळी चिरली असेल तर न मोजलेली हवा आत शिरते. डब्याला तिचा पत्ता नाही, तो कमीच पेट्रोल देतो. रेसवर हवाच एवढी असते की चोरटी हवा जाणवत नाही. स्लोवर मात्र तीच भारी पडते आणि गाडी मरते. गरम झाल्यावर रबर मऊ होऊन चीर जास्त उघडते.

हे शोधायला तुला काहीच नको. गाडी गरम कर, स्लोवर ठेव, बोनेट उघड आणि कान दे. बारीक "फुस्स" ऐकू येईल. तुला ते दुकानाच्या दारातून ऐकू येईल.

हो, एक गोष्ट खटकली. तू गाडीबद्दल पानभर लिहिलंस, पण ती कशी वाजते ते एका शब्दानंही नाही. पूर्वी तू सुरुवातच तिथून करायचास. वय झालं म्हणायचं का?

टिकाराम


नाशिक
२२ मार्च २०२५

तुलाराम,

महिना उलटून गेला. पत्र नाही. मी वय झालं म्हणालो ते गमतीत. त्याचं मनावर घेतलंस का? गाडी सुरळीत झाली का, एवढंच कळव. वहिनींना फोन केला तर त्या म्हणाल्या, "पत्र लिवा भाऊजी, पत्रच लिवा," आणि ठेवून दिला. त्यांचा आवाज बरा वाटला नाही.

टिकाराम


आंधळगाव
३० मार्च २०२५

टिका,

आता लपवून काही फायदा नाही. मले आयकू येत नाही.

दोन वर्षं झाले. आधी डाव्या कानात शिट्टी वाजे, मंग तो कान गेला. उजव्याचं मागच्या पावसाळ्यात संपलं. ढग गडगडले तं छातीत कळते, कानात नाही. हे फक्त गोदावरीले माहीत होतं. गिऱ्हाइकाच्या ओठाकडं पाहून अंदाज घेत होतो, इंजिनावर हात ठेवून थरथर पाहत होतो. निभून जात होतं. लोक म्हनत, तुलाराम मिस्त्री आजकाल कमी बोलते. तेरवीत तू हाक मारली असशील, मले खरंच नाही समजली. अन् फोनच्या टायमाले मी घरीच होतो. उचलून काय करू? पुढच्या बारी भेटशील तं समोरून ये.

ज्याच्या कानाची मोहाडी तालुक्यात शपथ खात होते, त्यानं कोन्या तोंडानं सांगावं?

आता आयक. तुहं फेब्रुवारीचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शकुन गाडी घेऊन आली. मी बोनेट उघडलं, गाडी स्लोवर ठेवली, जसं तू लिवलं तसं कान लावून उभा राहिलो. पत्र खिशात होतं. मले काहीच आयकू नाही येत होतं, टिका. शकुन बाजूले उभी राहून काही तरी म्हनत होती. मी तिचे ओठ नाही पाहिले, तिच्याकडं पाहाची लाज वाटून राहिली होती. मी मान हालवली. म्हटलं, "आवाज साफ आहे. घेऊन जाय."

दुसऱ्या पहाटे ती मच्छी भरून तलावाच्या उंच मातीच्या पारीवरून खाली उतरत होती. उतारावर पाय काढला, गाडी बंद पडली. इंजिन बंद पडलं की ब्रेकची मदत जाते, एक-दोनदा दाबलं की दगडासारखा होते, तुले माहीत आहे. स्टिअरिंगही जड झालं. गाडी पार सोडून धानाच्या बांधीत गेली, आडवी झाली. शकुनचा डावा हात मनगटातून मोडला. रोहू-कतला चिखलात. बाजूचे लोक धावले म्हनून ती लवकर निघाली.

मंग मले समजलं, ती बोनेटजवळ उभी राहून काय म्हनत होती ते. तिनं सोसायटीत सांगितलं, "मी भाऊले इचारलं, फुस्स असा आवाज येऊन राहिला ना? त्याईनं मान हालवली." म्हंजे तिनंच मले सांगितलं होतं. तू कागदावर सांगितलं, तिनं तोंडानं. अन् मी म्हटलं, साफ आहे.

लोकं म्हनतात मिस्त्रीनं पाह्यलं होतं, मंग गाडीतच खोट असन. माह्यावर कोनाचा शक नाही. तेच सहन होत नाही.

दुकानाचं शटर तवापासून खाली आहे. औजारं कोनाले द्याचे ते पाहून राहिलो. घरी मजेत आहो, काळजी करू नको.

तुलाराम

भाऊजी, मी गोदावरी. यायनं पत्र मले पोस्टात टाकाले देलं म्हनून खाली लिवून राहिले. मजेत नाहीत. जेवत नाहीत, रोज शटरजवळ जाऊन बसतात अन् उघडत नाहीत. तुमी काही तरी लिवा.


नाशिक
७ एप्रिल २०२५

तुलाराम,

पत्र वाचलं. मी तुझ्यावर रागावलो, तुझ्या खोकल्याचा हिशेब मांडला, वयावरून टोमणा मारला. आणि "कान दे" असंही मीच लिहिलं. माफ कर.

आता दोन गोष्टी सांगतो. पहिली कठीण आहे. शकुनकडे जा आणि तिला खरं सांग. सोसायटीच्या मीटिंगमध्ये नको, तिच्या दारात जाऊन सांग. तिचा हात मोडला आहे, त्यामुळे पहिला हक्क तिचा.

दुसरी गोष्ट या पार्सलमध्ये आहे. हा माझा जुना स्कॅनर. कोपरा फुटला आहे, चालतो मात्र उत्तम. स्टिअरिंगच्या खाली एक चपटं सॉकेट असतं, त्यात हा खोचायचा. डबा आतल्या आत जे काही बघतो, मोजतो, ठरवतो, ते सगळं याच्या पडद्यावर आकड्यांत दिसतं. पडदा इंग्रजीत आहे, म्हणून सोबत एक कागद जोडला आहे. कुठला शब्द म्हणजे काय, ते मराठीत लिहून दिलं आहे. कागदाला प्लास्टिक लावलं आहे, ग्रीसच्या हातानं धरलास तरी चालेल.

त्या कागदावर तिसऱ्या ओळीला मी लाल खूण केली आहे. ते बघ. ऑक्सिजनच्या सेन्सरनं "धूर कोरडा आहे, पेट्रोल कमी पडतंय" असं सांगितलं की डबा इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. नेहमीपेक्षा किती टक्के जास्त, तो हा आकडा. चांगल्या गाडीत तो शून्याच्या आसपास असतो, पाचच्या आत. गाडी गरम करून स्लोवर बघ. मग रेस वाढवून अडीच हजारावर धर आणि परत बघ. स्लोवर आकडा खूप वर आणि रेसवर खाली आला, तर कुठून तरी चोरटी हवा शिरते आहे. ती फुस्स त्या ओळीत वाचता येते, तुलाराम.

नंतर चीर शोधायची. कोणी सांगेल की अगरबत्ती फिरव, धूर कुठं ओढला जातो ते बघ. पेट्रोलची गाडी आहे, विस्तव जवळ आणू नकोस. साध्या फवाऱ्याच्या बाटलीत पाणी घे आणि एकेका नळीवर मार. चिरेवर पाणी पडलं की क्षणभर हवा अडते आणि पडद्यावरचा इंजिन फिरण्याचा आकडा हलतो. नजर आकड्यावर ठेव.

आणि कानाचं. एवढ्यावर घरी बसू नकोस. भंडाऱ्याला जाऊन तपासून घे.

औजारं कुणाला देऊ नकोस.

टिकाराम


आंधळगाव
२९ एप्रिल २०२५

टिका,

पार्सल आलं. तीन दिवस तसंच ठेवलं. शकुनकडं गेल्याशिवाय खोलाचं नाही असं ठरवलं होतं, अन् पाय निघत नव्हते. चौथ्या दिवशी गोदावरीनं माही चप्पल आनून दारात ठेवली. मंग गेलो.

शकुन अंगनात जाळं दुरुस्त करत होती. प्लास्टर निघालं आहे, मनगटाले पट्टी आहे. मले पाहून उठली, खाट टाकली. मी बसलो नाही. म्हटलं, "शकुन, मले आयकू येत नाही. दोन वर्षं झाले. त्या दिवशी तू काय म्हटलं ते मले समजलं नाही. मी उगाच मान हालवली."

ती बोलाले लागली, मंग थांबली. आत गेली अन् वही आनली. उभ्या उभ्या लिवलं, "तवाच काहून नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "लाज वाटली."

तिनं लिवलं, "तुमच्या लाजेपायी माहा हात मोडला. मी मेलीही असती."

मी हो म्हटलं. तिनं वही मिटली, जाळं घेतलं अन् पाठ करून बसली. मी घरी आलो. वाटलं, झालं ते बरोबरच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोनी माह्या खांद्याले हात लावला. शकुन होती. वहीत आधीच लिवून आनलं होतं, "गाडी मोहाडीच्या एका गॅरेजात होती. ते म्हनतात कंप्युटर गेला, नवा टाकावा लागन. सोसायटी म्हनते एवढं नाही झेपत, मच्छी व्यापाऱ्याच्या गाडीनं धाडू. मंग मी घरी. तुमी परत पाहता का?"

मी इचारलं, "माह्यावर भरोसा आहे?"

तिनं लिवलं, "नाही. म्हनून मी बाजूलेच उभी राहीन."

तिचा दीर चंदन गाडी घेऊन आला. मी शटर उघडलं. आत कोळ्याईनं जाळे केले होते.

स्कॅनर खोचला. तुहा कागद गाडीच्या काचेवर चिपकवला. पहिल्यांदा तं नुसते आकडे नाचत होते, मले गरगरलं. मंग एकेक ओळ बोटानं धरून वाचली. इंजिन किती गरम, ते सापडलं. किती फिरून राहिलं, ते सापडलं. तुही लाल खूण सापडली. गाडी गरम झाल्यावर स्लोवर ती ओळ चोवीसवर. मी चंदनले इशारा केला, त्यानं रेस अडीच हजारावर धरली. आकडा उतरत उतरत पाचवर आला. पाय काढला, परत चोवीस. मी शकुनले दाखवलं. तिनं स्वतः आपला पाय ठेवून परत करून पाहिलं.

एक गोष्ट लिवल्याशिवाय राहवत नाही. मी चंदनले हेडलाइट लावाले सांगितलं. लोड पडला, फिरन्याचा आकडा वीस-पंचवीसनं खाली गेला अन् माही पापनी लवाच्या आत वर आला. त्याच घडीले ठिनगी किती आधी पडते त्याची डिग्री पाचाची अकरा झाली. म्हंजे बिमार असूनही ते इंजिन सावराले पाहत होतं, ठिनगी मागंपुढं करून. मी चौदा वर्षं त्याले मुका डबा म्हनत होतो.

मंग पान्याची बाटली. शकुन एकेक नळीवर फवारा मारे, मी आकड्यावर डोळा ठेवून. पहिली, दुसरी, तिसरी, काही नाही. मंग एक बारीक नळी मागच्या बाजूनं खालून जाते, तिथं हात पोहचत नाही. शकुनचा हात बारीक, तिनं दुखऱ्या हातानंच बाटली आत घातली. आकडा सहाशे नव्वदचा एकदम सातशे ऐंशी झाला अन् परत पडला. मी ओरडलो म्हने. मले कसं माहीत, गोदावरी बाहेर आली त्यावरून समजलं. बोट घालून पाहिलं तं बोटाले ओढ लागली. नखाएवढी चीर, खालच्या अंगानं. वरून पाहाल तं नळी नवी कोरी.

नळी बदलली. लाल खुनेची ओळ हळूहळू खाली येऊन तीनवर थांबली. फिरनं आठशेवर, हालेना. हेडलाइट लावला, काहीच नाही झालं. शकुननं गाडी पारीवर नेली, उतारावर पाच बारी पाय काढला. मी बाजूले बसलो होतो, दोन्ही हातानं सीट धरून. बंद नाही पडली.

खाली आल्यावर तिनं वही काढली. लिवलं, "मी अजून रागावली आहो." मंग खाली, "पन बरं झालं तुमी आले."

तुलाराम


नाशिक
८ मे २०२५

तुलाराम,

तुझं पत्र मी वर्कशॉपमधल्या पोरांना मोठ्यानं वाचून दाखवलं, तुझं नाव न घेता. एक जण म्हणाला, एवढ्यासाठी नवा कंप्युटर टाकायला निघाले होते? त्याला म्हटलं, रोज निघतात.

तुझा हात आता बसेल. पण एक लक्षात ठेव. स्कॅनरला सगळं दिसत नाही. बेअरिंग खडखडतं, गिअर कुरकुरतो, त्याला सेन्सर नाहीत. असं काम आलं तर दुसऱ्याकडे पाठव, आणि का पाठवतोस ते सांग. पुन्हा मान हलवू नकोस. एवढं माझं ऐकशील?

कानाचं काय झालं?

टिकाराम


आंधळगाव
१६ जून २०२५

टिका,

भंडाऱ्याले जाऊन आलो. शकुनच घेऊन गेली, तिची त्या बाजूची फेरी होती. डॉक्टर म्हने नस कमजोर झाली, गेलं ते परत येनार नाही. उजव्या कानाले मशीन देलं आहे. ते घातलं की ट्रकचा हॉर्न अन् गोदावरीची हाक समजते, शब्द नाही समजत. मी खरं सांगतो, जास्त आशा नव्हती, म्हनून जास्त वाईट नाही वाटलं. येताना आलूबोंडे खाल्ले.

दुकानाच्या दाराले मोठी काळी पाटी लावली आहे. वर रंगानं लिवून घेतलं, "मिस्त्रीले आयकू येत नाही. गाडीची तक्रार इथं लिहावी." खडू ठेवला आहे. पहिल्या दिवशी कोनी आलंच नाही. दुसऱ्या दिवशी टपरीवरचे लोक येऊन पाटी वाचून गेले. तिसऱ्या दिवशी सिहोऱ्याहून एक मास्तर आले, त्याईनं एवढी लांब तक्रार लिवली की पाटी पुरली नाही, खाली शटरवर लिवली. पन आता मले गाडीची तक्रार पहिलेपेक्षा बरी समजते. तोंडानं सांगताना मानूस अर्धं गिळते.

यादोराव पाटलाची मोटारसायकल आली होती, गिअरबॉक्समधून आवाज येते म्हने. मी पाटीवर लिवलं, "हे माह्या बसचं नाही, तुमसरले न्या." त्यायले राग आला. मंग हासले अन् सुनेची इंजेक्शनची स्कूटी घेऊन आले.

आता मोठी गोष्ट. मच्छीचं बीज सोडाच्या आधी सोसायटीची मीटिंग असते, ती परवा समाज मंदिरात झाली. सोसायटीनं दुसरी, जुनी गाडी हप्त्यानं घेतली आहे. दोन्ही गाड्यायची देखरेख वर्षभर कोनाकडं द्याची, हे ठरवाचं होतं. मलेही बोलावलं होतं. मी मागं बसलो, गोदावरी बाजूले. मीटिंगच्या सुरुवातीले मी उभा राहून सगळ्यायसमोर सांगितलं, शकुनचा अपघात माह्या चुकीनं झाला, गाडीतली खोट मले आयकूच आली नव्हती. सांगून खाली बसलो.

मंग एक जन उठला. मशीनमधून नुसता गोंगाट येत होता. त्याचे ओठ वाचले, "बहिऱ्या मिस्त्रीले" एवढं समजलं, बाकी त्यानं तोंड फिरवलं. काही लोकं हासत होते, काही माना डोलवत होते. मी उठून जानार होतो, गोदावरीनं शर्ट धरला.

तेवढ्यात शकुन उभी राहिली. ती पाठमोरी होती, मले तिचं तोंड दिसत नव्हतं. फक्त डावा हात दिसत होता, बोलताना वर जाई अन् खाली येई, मनगट अजून पुरं वळत नाही तिचं. ती बराच वेळ बोलली. हासत होते ते लोक हासाचे थांबले. मंग अध्यक्षानं काही इचारलं अन् हात वर होत गेले. मी मोजले नाही. पुढचे सगळे वर होते.

बाहेर आल्यावर मी शकुनले इचारलं, "काय म्हटलं तू?" तिनं वही काढलीच नाही. गाडीत बसली अन् निघून गेली.

घरी आल्यावर गोदावरीनं लिवून दाखवलं. शकुन म्हने, "हात माहा मोडला, तं बोलाचा हक्क माहा. मोहाडीच्या मिस्त्रीले आयकू येते, त्यानं फुस्स आयकली का? याईले येत नाही, त्याईनं शोधली. अन् चूक कबूल कराले माह्या दारात कोन आलं होतं? माह्या गाडीले मी दुसऱ्याचा हात लागू देनार नाही."

मी ते वाचून बाहेर जाऊन बसलो. गोदावरी आली नाही, तिले समजलं असन.

आज सोमवार. आजपासून दोन्ही गाड्या माह्याकडं. दुसरी गाडी चंदन आत्ताच दारात लावून गेला. तिचा पिवळा दिवा लागून आहे अन् पाटीवर त्यानं लिवलं आहे, "सकाळी इंजिन थंड असते तवा लवकर चालू होत नाही." मी बॅटरीची तार काढनार नाही. आधी तिनं काय लिवून ठेवलं ते वाचतो. काही अडलं तं सांजच्याले तुले लिवीन.

तुलाराम